शेलूच्या घराची किंमत

मुंबईत काम करणाऱ्या माणसाने "घर कोठे परवडेल?" असे विचारले, की गेली काही वर्षे त्याला जी चार-दोन स्टेशनांची नावे सांगितली जातात त्यांत शेलू हे एक असते. वांगणी आणि नेरळ यांच्या मधले हे लहानसे स्टेशन. ठाणे जिल्हा संपून रायगड जिल्हा लागतो तो येथेच. "शेलूला स्वस्त मिळते" एवढे ऐकून ग्राहक गाडी पकडतो, नमुन्याची खोली पाहतो आणि टोकनाची रक्कम देऊन परततो. आमचा सारा जन्म मजुरीच्या दराची घासाघीस करण्यात गेला असल्यामुळे आम्हाला मात्र एक खोड लागलेली आहे. कोणताही दर कानावर पडला की तो कोठे ठरला आणि कोणी ठरविला, हे आम्ही विचारतो. शेलूच्या घराबद्दल तोच प्रश्न आम्ही या व्याख्यानापुरता घेतला आहे. आमचे म्हणणे असे की, हा दर शेलूत ठरतच नाही. निम्मा दर परळ-लालबागला पूर्वीच ठरून गेला, आणि उरलेला निम्मा रेल्वेच्या वेळापत्रकात ठरतो.

रेल्वे येथे नवी नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे, १८५४ साली कल्याण, १८५६ साली पळसदरीवरून खोपोलीपर्यंत गाडी धावली आणि १८६३ साली बोरघाटाचा मार्ग खुला झाला. तरीही त्यानंतर शंभर वर्षे उलटली तरी या खोऱ्यातली जमीन घरासाठी विकत घ्यावी असे फारसे कोणाच्या मनात आले नाही. जमीन भाताची होती, आणि कसणारा बहुतेक ठिकाणी कूळ होता. याच कुलाबा जिल्ह्यात अलिबागेजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन न कसता संप केला, तो जमीनमालकाच्या वाट्याविरुद्ध. आपल्या तालुक्यात माथेरानच्या भाई कोतवालांनी धान्यकोठार काढले, ते सावकाराच्या दीडी-दुपटीतून शेतकऱ्याची मान सोडवावी म्हणून. पुढे १९४८ चा कुळकायदा झाला. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कूळ हे कायद्याने जमिनीचे मालक समजले जाऊ लागले. आज ज्यांच्या सात-बाराच्या उताऱ्याला भाव आला आहे त्यांपैकी कित्येकांच्या नावावरची जमीन या कायद्याने आलेली आहे. एवढ्या मोलाने आलेली वस्तू पुढे कोणत्या पद्धतीने विकली जाते, हे आपण नंतर पाहू.

या खोऱ्याचे आणि मुंबईच्या गिरण्यांचे नाते मात्र फार जुने आहे, आणि ते विजेचे आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली व भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. गिरण्यांची चाके घाटावरच्या पाण्याने फिरू लागली. १९४२ च्या लढ्यात कोतवालांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, ते मुंबईचे कारखाने थंड पडावेत याच हिशेबाने. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील गोळीला बळी पडले. भिवपुरीच्या केंद्रातून सुटलेले पाणी राजनाल्याने शेतांत खेळते आणि त्यावर उन्हाळी भात उभा राहतो. गिरण्यांना वीज देऊन उरलेल्या पाण्यावर येथला शेतकरी दुसरे पीक घेत होता. आता त्याच गिरण्यांतून बाहेर पडलेल्या माणसांना घरे द्यायची म्हणून त्याच शिवारांकडे बोट दाखविले जाते. म्हणून ही माणसे आधी कोठे राहत होती, हे पाहिले पाहिजे.

गिरणगावातला कामगार भाड्याच्या खोलीत राहत असे. १९२० साली निघालेल्या सरकारी विकास खात्याने, ज्याला सारे 'बीडीडी' म्हणतात, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. एका चाळीत साधारण ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. खाजगी चाळीतही याहून फार निराळे नव्हते. एका खोलीत दोन पाळ्यांचे भाडेकरी असत. रात्रपाळीचा माणूस उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर अंग टाकी. बायकामुले गावी. घर म्हणजे गावचे घर, मुंबईत फक्त जागा! ही समजूत खोल रुजलेली होती.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली. कामगाराला खोलीतून काढणे अवघड झाले, हा मोठाच दिलासा होता आणि त्याची थट्टा करणाऱ्यांशी आमचे जमत नाही. पण कायद्याला दुसरी बाजूही होती. भाड्यात पैसा उरेना म्हणून भाड्यासाठी बांधणारे हळूहळू थांबले. रिकामी खोली पागडीवाचून मिळेना. बापाची खोली सुरक्षित राहिली, आणि लग्न झालेल्या मुलाला मात्र विकत घेण्यावाचून वाट उरली नाही. सदनिकांच्या मालकीबाबतचा राज्याचा कायदा १९६३ सालचा आहे. तेव्हापासून मुंबई प्रदेशातला मध्यम आणि गरीब माणूस भाडेकरी न राहता ग्राहक होत गेला. ज्याच्या हातात पैसा कमी, तो गाडीच्या शेवटच्या स्टेशनाकडे सरकला. प्रथम डोंबिवली, मग अंबरनाथ, मग बदलापूर, आणि त्यानंतर वांगणी व शेलू.

आता निम्मा दर परळला ठरला असे आम्ही का म्हणतो ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांच्याखालची जमीन कापडापेक्षा मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमात या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली हा नियम बदलला. आता वाटे करायचे ते सगळ्या जमिनीचे नव्हेत, जिच्यावर बांधकाम नव्हते तेवढ्याच मोकळ्या तुकड्याचे. गिरणीच्या आवारात मोकळा तुकडा तो कितीसा असणार? शेड, गोदामे आणि चिमणी यांनीच तर आवार भरलेले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हा बदल ग्राह्य धरला. दरम्यान २००५ साली मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे साडेसतरा एकर जागा ७०२ कोटी रुपयांना विकली गेली. आपल्याकडे जमीन गुंठ्यात मोजतात, म्हणून आम्ही तेही गणित केले. एकराला ४० कोटी, म्हणजे गुंठ्याला सुमारे एक कोटी. त्या गुंठ्यावर कामगाराचे घर उभे करायचे नाही असे ठरताच त्या घराला दुसरी, फार स्वस्त जमीन शोधणे भाग पडले. शेलूच्या बाजाराचा पाया तेथे आहे.

राहिलेला अर्धा दर वेळापत्रकाचा. शेलूहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ८० किलोमीटर. लोकलला दोन तास धरा. जाऊन-येऊन चार तास. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले तर १,२०० तास. हे तास आठ तासांच्या पाळीने मोजले तर १५० दिवस भरतात. वर्षाकाठी सहा महिन्यांचे काम माणूस गाडीत उभा राहून करतो आणि त्याची मजुरी कोणी देत नाही. गृहकर्ज वीस वर्षांचे असते. वीस वर्षांत हे २४,००० तास होतात, म्हणजे कामाची पूर्ण दहा वर्षे! नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. आठ तासांच्या दिवसासाठी तर जगभर माणसे मेली. ते मिळविलेले तास घराच्या हप्त्याबरोबर परत जात आहेत, आणि पावती फक्त हप्त्याची मिळते.

कोणी म्हणेल, सगळेच काही बोरीबंदरपर्यंत जात नाहीत. खरे आहे. कल्याण, ठाणे, अंबरनाथचे कारखाने येथे काम करणाऱ्याला शेलू सोयीचे पडते, आणि त्याने तेथे घर घेतले तर आम्ही त्याला शहाणाच म्हणू. पण बाजारात जाहिरात त्याच्यासाठी केलेली नसते. तीत 'स्टेशनपासून पाच मिनिटे' असते. स्टेशनावर गाडी किती वेळाने येते, ते नसते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि चार जण त्याच दिवशी दगावले. त्या दारांत उभे राहणे हा स्वस्त घराच्या किमतीचाच एक भाग आहे.

आता विकणाऱ्याकडे वळू. येथला शेतकरी जमीन विकतो ती बहुधा एकदम विकत नाही. प्रथम गावातलाच कोणी ओळखीचा दलाल येतो. विसार म्हणून काही रक्कम मिळते, मग साठेखत, मग कुलमुखत्यारपत्र. या शेवटच्या कागदावर सही झाली की जमीन उताऱ्यावर आपली आणि व्यवहारात दुसऱ्याची होते. बाकीची रक्कम 'बिनशेती झाल्यावर', 'हद्द कायम झाल्यावर', 'बहिणींच्या सह्या आल्यावर' अशा टप्प्यांवर टांगलेली राहते. २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणींचा वाटा मुलांइतकाच झाला. तो न्याय्यच आहे; पण पुष्कळ घरांत बहिणीला तिच्या हक्काची आठवण दलालाने सहीसाठी करून दिलेली असते, भावाने नव्हे. कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाने शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहजासहजी विकता येत नाही. जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमाने आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. हे कलम १९७४ चे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. कागदावर शेतकऱ्याभोवती एवढी कुंपणे आहेत. तरी गुंठ्यागुंठ्याने, सामायिक नावे चढवून, मुखत्यारपत्राच्या वाटेने जमिनी हात बदलत राहिल्या. ठाकूर-कातकरी वाड्यांत तर कागद वाचून दाखविणारा तोच, आणि विकत घेणाराही त्याचाच माणूस, हा प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

यातली खरी मेख अशी की शेतकरी एकदाच विकतो. त्याच्या एका एकरावर जी इमारत उभी राहते तिच्यातल्या खोल्या पुढे पुन्हा पुन्हा विकल्या जातात, आणि त्या प्रत्येक विक्रीत दलालाला, बँकेला, मुद्रांक खात्याला काही ना काही मिळते. मूळ मालकाला काही नाही. काही हुशार मुलांनी ट्रक घेऊन खडी-विटा पुरविण्याचा, पाण्याच्या टँकरचा धंदा केला आणि ते टिकले. ज्यांनी रक्कम लग्नकार्यात आणि नव्या गाडीत घातली ते पाच वर्षांत त्याच जागी आले, फक्त भात पिकवायला जमीन उरली नव्हती. यात त्यांचा दोष आम्ही काढीत नाही. पिढ्यान् पिढ्या रोकड पाहिली नाही अशा घरात ती एकदम आली की दुसरे काय होणार?

घर विकणाऱ्याची, म्हणजे ज्याने पूर्वी सदनिका घेतली आणि आता मोकळे व्हायचे आहे त्याची, गोष्ट याहून निराळी नाही. समजा, मुलाच्या शिक्षणासाठी एकाने आपली दहा वर्षांची जुनी खोली काढली. शेजारच्या शिवारात बिल्डर नवी इमारत बांधतो आहे आणि 'मुद्रांक शुल्क आमचे, नोंदणी आमची, हप्ता ताब्यानंतर' म्हणून बोलावतो आहे. जुन्या खोलीला गिऱ्हाईक येते ते बिल्डरचा भाव सांगून त्यातून दोन लाख कापायलाच. जोवर शेजारी मोकळी शेते आहेत तोवर जुन्या घराचा भाव चढणे कठीण, ही गोष्ट 'गुंतवणूक' हा शब्द उच्चारणारे सांगत नाहीत. भाड्याने द्यावी तर दहा लाखांच्या कर्जाचा हप्ता, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी, महिना सुमारे ८,७०० रुपये बसतो. भाडे अनेकदा त्याच्या निम्म्यानेही येत नाही.

ग्राहकाच्या बाजूने एक सुधारणा झाली आहे, तिची नोंद केलीच पाहिजे. १ मे २०१७ पासून महारेराकडे प्रकल्पाची नोंदणी सक्तीची झाली आणि चटईक्षेत्रावरच भाव सांगणे भाग पडले. त्यापूर्वी जिना, गच्ची, भिंती सारे मिळवून ५०० फुटांची खोली म्हणत, आणि आत पलंग टाकला की दार उघडत नसे. पण महारेराच्या पानावर सारे काही दिसत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात उल्हास नदीने बदलापूर परिसर बुडविला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. शेलू त्याच नदीच्या खोऱ्यात, त्याहून थोडे वर आहे. तेव्हा पूररेषेच्या नकाशात आपला गट क्रमांक कोठे येतो, हे ग्राहकाने स्वतः जाऊन पाहावे. विकणारा ते आपण होऊन दाखविणार नाही.

आता ज्या गोष्टीमुळे शेलूचे नाव राज्यभर झाले तिच्याकडे येतो. गिरण्यांच्या जमिनीतून म्हाडाच्या वाट्याला जे आले त्यावर बांधलेल्या घरांच्या सोडती निघाल्या. २०१२ साली ६,९२५ घरे निघाली, किंमत साडेसात लाख. १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाइंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिल यांच्या जागेवरील ३,८९४ घरे निघाली, किंमत साडेनऊ लाख. अर्जदार मात्र पावणेदोन लाखांच्या घरात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने उरलेल्यांसाठी शेलूला ३० हजार आणि वांगणीला ५१ हजार, अशी ८१ हजार घरे देऊ केली. घराची किंमत १५ लाख. त्यांपैकी साडेपाच लाख अनुदान, आणि कामगाराने भरायचे साडेनऊ लाख.

श्रोत्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. २०२० साली वडाळ्याला आणि लोअर परळला साडेनऊ लाख. २०२४ साली शेलूला साडेनऊ लाख. कामगाराच्या खिशातून जाणारा पैसा तोच, आणि घर मात्र ८० किलोमीटर दूर गेले. या निर्णयात १७ वे कलम असे होते की जो हे घर नाकारील त्याचा हक्क संपेल. ९ जुलै २०२५ रोजी गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात बसले, आणि हे कलम वगळण्याचे शासनाने जाहीर केले. मैदानात बसलेल्यांत सत्तरी ओलांडलेले पुष्कळ होते. पाटण तालुक्यातून आलेल्या एका वारसाने आम्हाला विचारले, "साहेब, हे शेलू मुंबईत येतं का आपल्या गावाकडं?" त्याच्या वडिलांनी तीस वर्षे सांचेखात्यात काढली होती.

येथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागेवर ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्याबद्दल आम्हाला आनंदच आहे. पण त्यांच्या हातात काय होते? भाड्याची पावती. गिरणी कामगाराच्या हातात गिरणीचा पास आणि तिकीट नंबर होता. या शहरात राहिल्याचा कागद टिकला, राबल्याचा कागद टिकला नाही.

शेलूकरांच्या बाजूनेही विचार व्हावा. ८१ हजार घरे, घरटी चार माणसे धरली तरी सव्वातीन लाख लोक. दोन लहान स्टेशनांवर एवढी वस्ती आली तर पाणी कोठून येणार, गाडीत कोण चढणार, आणि आज ज्यांनी कर्ज काढून तेथेच खाजगी घर घेतले त्यांच्या घराचे मोल काय राहणार, याचा हिशेब त्या निर्णयाबरोबर कोणी मांडलेला आम्हाला दिसला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये बदलापूर ते कर्जत या ३२ किलोमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली. रूळ पडायला काळ लागतो. गुंठ्याचा भाव सांगणाऱ्याला मंजुरीचे वृत्तही पुरते.

संपानंतर वर्षभरातच, १९८३ साली, राज्याने किमान घरभाडे भत्त्याचा कायदा केला. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने मजुरीच्या ५ टक्के किंवा २० रुपये, यांपैकी जास्त असेल ते द्यावे असे त्यात आहे. वीस रुपयांत आज शेलूच्या स्टेशनावर दोन चहा येतात. आम्ही अलीकडे मागणीपत्रात त्या भत्त्याच्या खाली एक ओळ घालू लागलो आहोत. घरापासून कारखान्याच्या फाटकापर्यंतचे तास तीत लिहितो, आणि एका तासापलीकडच्या प्रवासाचा मोबदला मागतो. व्यवस्थापनाचे पहिले उत्तर ठरलेले असते की, कामगार कोठे राहतो हा त्याचा खाजगी प्रश्न आहे. एका ठिकाणी यावर तिसरी बैठक झाली असून चौथीची तारीख मिळाली आहे.